कर्ज काढण्याआधी एक दुपार घरात बसा

आम्ही कौलं उतरवून पत्रे घातले, तेव्हा गळती थांबेल एवढंच पाहिलं. उन्हाळा आला आणि सासूबाई दुपारभर कडुलिंबाखाली बसू लागल्या. घर आपलं, पण आत टेकवेना.

मग पत्र्यावर पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. पांढरा रंग ऊन परतवतो. धूळ बसली की मात्र धुवावा लागतो. चुलीच्या वर, छताजवळ झरोका काढला. धूर नि गरम हवा वर चढते, तिथून बाहेर जाते. जुनी कौलं गोठ्यावर घातली.

गटातून कर्ज काढण्याआधी बघा, ऊन कुठून येतं, वारा कुठे अडतो. दुपारी घरात आपणच असतो. मग गवंड्याला सांगायचंही आपणच.