हौशी बुद्धिबळपटूची शैली

बुद्धिबळाचा डाव मांडावयाचा तर पूर्वी दोन माणसे, एक पट आणि सवडीची संध्याकाळ एवढे तरी जमावे लागे. आता पट आणि प्रतिस्पर्धी दोन्ही खिशातल्या फोनवर मिळतात. चेस डॉट कॉम हे संकेतस्थळ २००७ साली आणि लिचेस हे २०१० साली सुरू झाले. तेव्हापासून कचेरीतून दमून आलेला हौशी खेळाडू मध्यरात्रीही दूरदेशीच्या अनोळखी माणसाशी खेळू लागला. मग त्याच्या खेळात प्रगती किती होते? पाचशे डाव खेळूनही तो होता तेथेच का राहतो?

समोरासमोरच्या खेळात डाव संपला तरी बैठक मोडत नसे. हरलेला म्हणे, "येथे उंट काढला असता तर?" आणि जिंकलेला पट पुन्हा मांडून त्याचे उत्तर दाखवी. पराभवाचे कारण तेथेच उमगे. फोनवर मात झाली की बोट लगेच पुढच्या डावाकडे वळते. तीन मिनिटांचा डाव असला म्हणजे तर विचाराला उसंतच नसते. अशा खेळाने हात चपळ होतो. पण जी चूक काल झाली तीच आज अधिक वेगाने होते.

अशा खेळाडूला त्याची शैली विचारावी, तर तो बहुधा "आक्रमक" असे उत्तर देतो. पांढरी घेऊन तो राजासमोरचे प्यादे सरकवतो, लगेच वजीर बाहेर काढतो, उंट आणतो आणि चौथ्या खेळीला मात देण्याचा घाट घालतो. नवख्यापुढे हे साधते. परंतु काळ्याने वजिराकडील घोडा काढून आपले प्यादे राखले आणि मग राजाकडील घोड्यासमोरचे प्यादे एक घर पुढे केले, की वजिराला मागे हटावे लागते. काळा तेवढ्यात दुसरा घोडाही बाहेर काढतो, आणि आक्रमण करणाराच मागे पडतो. शैली म्हणून जिचा अभिमान बाळगला, ती पुष्कळदा प्रतिस्पर्ध्याची खेळी न पाहण्याची सवय असते.

या सवयीला गुणांकनाचा मोह खतपाणी घालतो. आर्पाड एलो या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने सिद्ध केलेली गुणांकनपद्धती जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० साली स्वीकारली. तिच्या हिशेबाने दोघांत २०० गुणांचे अंतर असेल, तर वरचढ खेळाडूने सुमारे तीन-चतुर्थांश गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते. संकेतस्थळांची गणिते याच विचारातून पुढे आलेली आहेत. हा आकडा ज्ञान मोजीत नाही; त्याच मेळ्यातील इतरांच्या तुलनेत आपले स्थान सांगतो. सगळेच सुधारत असतील, तर सुधारलेल्याचाही आकडा जागचा हलत नाही. हे न ओळखता गेलेले वीस गुण परत मिळविण्यासाठी रात्री एक वाजता आणखी एक डाव मांडला जातो, आणि झोपेबरोबर आणखी वीस गुण जातात.

संगणक या कामी साहाय्य करतो, पण मर्यादेने. १९९७ साली डीप ब्लू यंत्राने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरविले. आज स्टॉकफिशसारखा बलाढ्य आज्ञावलीसंच कोणालाही विनामूल्य मिळतो. तो उत्तम खेळी क्षणात दाखवितो. खेळाडूच्या मनात त्या वेळी काय चालले होते, हे मात्र त्याला ठाऊक नसते. म्हणून यंत्राला विचारण्यापूर्वी हरलेला डाव स्वतः तपासावा. धमकी दिसलीच नाही, दिसूनही हिशेब चुकला, की घड्याळाने घाई केली, एवढे वहीत टिपून ठेवावे. वीस डावांच्या नोंदींत आपला दोष कोठे आहे ते बहुधा स्पष्ट होते. त्यासाठी डावही पंधरा मिनिटांचा तरी हवा.

केवळ आरंभीच्या खेळ्या पाठ करून हे काम होत नाही, याला इतिहासाचा दाखला आहे. पंजाबचे मीर सुलतान खान हिंदुस्थानी पद्धतीच्या बुद्धिबळात वाढले. त्या पद्धतीत प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरे जाता येत नसे, त्यामुळे युरोपीय डावांचे आरंभ त्यांना अपरिचित होते. तरीही १९२९, १९३२ आणि १९३३ साली ते ब्रिटिश विजेते ठरले, आणि हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेत्या कापाब्लांकावर मात केली. त्यांची प्रतिभा सर्वांना लाभणार नाही. परंतु त्यांचे बळ होते ते डावाच्या मध्यात आणि अखेरीस पटावर जे आहे ते नीट पाहण्यात. तेवढा अभ्यास हौशी खेळाडूच्याही आवाक्यातला आहे.

त्याची प्रगती प्रथम आकड्यात दिसणार नाही. प्रतिस्पर्ध्याने प्यादे सरकविल्यावर त्याचे बोट क्षणभर थांबेल, आणि "याने हे का केले?" असा प्रश्न त्याच्या मनात उठेल. तेथून पुढे तो जी खेळी करील, ती सवयीची नसून त्याची स्वतःची असेल.