दोन बिंदू, एक रेषा आणि तिसरा आकडा

दोन बिंदूंतून एक आणि एकच सरळ रेषा जाते, हे भूमितीतील वचन आपण शाळेत पाठ केलेले असते. त्या रेषेचे समीकरण कसे काढावे, आणि काढल्यावर त्यावर कितपत विसंबावे, याचा आज विचार करू.

उदाहरण कोलकात्याचे घेतो. भारतातील पहिली भुयारी रेल्वे २४ ऑक्टोबर १९८४ रोजी तेथील एस्प्लनेडपासून भवानीपूरपर्यंत धावू लागली. तो मार्ग अवघा ३.४ किलोमीटरांचा होता. पुढे २७ सप्टेंबर १९९५ रोजी डमडम ते टॉलीगंज हा सुमारे १६.४ किलोमीटरांचा मार्ग सलग झाला.

आता कागदावर १९८४ नंतर लोटलेली वर्षे आडवी मांडा. त्यांना क्ष म्हणू. खुल्या झालेल्या मार्गाची लांबी उभी मांडा, ती य. पहिला बिंदू शून्य वर्षे व ३.४, दुसरा ११ वर्षे व १६.४. उभ्या फरकास आडव्या फरकाने भागले की रेषेचा चढ मिळतो: १३ भागिले ११, म्हणजे वर्षाला सुमारे १.१८ किलोमीटर. सरळ रेषेवरचे कोणतेही दोन बिंदू घेतले तरी हा भागाकार बदलत नाही. म्हणून य मधून ३.४ वजा करून क्षने भागले असता १.१८ च आले पाहिजेत. तेव्हा समीकरण झाले: य बरोबर १.१८ क्ष अधिक ३.४.

या समीकरणाप्रमाणे १९८६ साली मार्ग ५.८ किलोमीटर असावयास हवा होता. वस्तुतः त्या वर्षीच्या एप्रिलात गाडी टॉलीगंजला पोहोचली, आणि डमडम–बेलगाछिया हा सुटा तुकडा धरून लांबी ९.८ झाली. त्यानंतर मात्र १९९४ पर्यंत एकही नवा टप्पा उघडला नाही. एस्प्लनेडच्या उत्तरेस जाणाऱ्यास तेथेच उतरावे लागे. रेषा मात्र दरसाल चढतच राहिली! ती मागे १९७२ पर्यंत, म्हणजे पायाभरणीच्या वर्षापर्यंत नेली, तर लांबी उणे १०.८ किलोमीटर येते.

यात गणिताचा दोष नाही. कोणतेही दोन बिंदू घ्या, त्यांतून रेषा जाणारच. म्हणून ती गेली, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कसोटी लागते ती तिसऱ्या बिंदूशी.

आम्हा शासकीय नोकरांपुढे येणाऱ्या अहवालांत पुष्कळदा आरंभीचा आणि अखेरीचा असे दोनच आकडे असतात. त्यांतून निघणारी सरासरी खोटी नसते. पण मधली आठ वर्षे ज्यांनी खणलेल्या रस्त्यांवरून वाट काढली, त्यांची तीत कोठेच नोंद नसते. यासाठी अहवाल वाचणाऱ्याने, मग तो अधिकारी असो वा नागरिक, मधल्या एखाद्या वर्षाचा आकडा अवश्य मागावा.