दोन शेर दळणाला एक पैसा



कृष्णामाईच्या काठी, या वाई नगरीत, गावोगावच्या ग्रंथालयांतून या अधिवेशनाला आलेल्या आपणा सर्वांचे स्वागत समितीच्या वतीने मी मनापासून स्वागत करतो. काल रात्री शेवटची एसटी येईपर्यंत आमची मुले स्टँडवर उभी होती. सगळी मंडळी सुखरूप उतरली, सर्वांना अंथरूण-पांघरूण मिळाले असा निरोप आला, तेव्हा कुठे माझा डोळा लागला.

मी हळदीचा व्यापारी. शिक्षणाने विद्वान नाही, पण गेली तीस वर्षे गावातल्या एका ग्रंथालयाचा विश्वस्त आहे आणि त्याआधीपासून तिथला वर्गणीदार आहे. तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

पाहुणा घरी आला की आधी घर दाखवावे, ही आपली रीत. वाईला दक्षिण काशी म्हणतात, ते इथल्या घाटांमुळे आणि देवळांमुळे. यातले बरेचसे सरदार रास्त्यांनी बांधले. गणपती घाटावरचे ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ सालचे. दर्शन झाल्यावर कृपा करून देवळाला मागून वळसा घाला. मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचे पाणी त्या टोकावर दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. अडीचशे वर्षांवर कृष्णेचे पूर झेलून ते देऊळ जागच्या जागी उभे आहे. नदीला अडवायचे नाही, वाट करून द्यायची, हे आमच्या गवंड्यांना तेव्हाच उमगले होते.

याच रास्ते घराण्यातल्या गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी आणि थोरल्या माधवरावांच्या मातोश्री. म्हणजे वाई हे माधवरावांचे आजोळ. आपल्या प्रत्येकाच्या ग्रंथालयात माधवरावांवरच्या ‘स्वामी’ कादंबरीची पाने सुटलेली निदान एक प्रत असेलच. ती पुढच्या वेळी बांधणीला पाठवाल तेव्हा आमच्या गावाची आठवण ठेवा. पलीकडे मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. तिथल्या घाटावर वसईच्या मोहिमेतून आणलेली घंटा आहे. ‘स्वदेस’ चित्रपट पाहिलेल्यांना तो घाट ओळखू येईल. पाचगणीच्या वाटेवरचे पसरणी हे शाहीर साबळ्यांचे गाव. थंडी सरता सरता कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो. एकेका घाटावर पाळीपाळीने तो भरतो, आणि त्या दिवसांत वाईकर माणूस परगावी राहत नाही.

आता ज्या वास्तूचे नाव घेताना माझा आवाज जड होतो तिच्याकडे येतो. प्राज्ञपाठशाळा. नारायणशास्त्री मराठे यांनी ती उभी केली. पुढे संन्यास घेऊन ते स्वामी केवलानंद सरस्वती झाले. जन्म १८७७, निधन १९५५. सात खंडांचा मीमांसाकोश ही त्यांची एका जन्मात न मावणारी कामगिरी. पण आज वाईतल्या शाळेतल्या मुलाला विचारले तर तो तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे नाव सांगेल, नारायणशास्त्र्यांचे सांगणार नाही. तर्कतीर्थांचे नाव त्याने सांगावेच. साहित्य अकादमीचा मराठीतला पहिला पुरस्कार १९५५ साली त्यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला मिळाला. मराठी विश्वकोशाची मुहूर्तमेढ त्यांनी या गावात रोवली आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. आमच्या लहानशा गावाचे नाव घराघरांतल्या कपाटात गेले ते त्यांच्यामुळे. पण खानदेशातून आलेला तो मुलगा ज्यांच्या पायाशी बसला, ते गुरू नारायणशास्त्री होते. गावाने त्यांना विसरावे, याची खंत मला या व्यासपीठावरून बोलून दाखवावीशी वाटते.

नारायणशास्त्र्यांकडे १९१७ साली आणखी एक विद्यार्थी आला. वय बावीस. गांधीजींच्या आश्रमातून एक वर्षाची रजा घेऊन आलेला. उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे शिकणारा तो तरुण म्हणजे विनोबा भावे. विनोबा वाईला शिकले एवढे पुष्कळांना माहीत असते. पण या अधिवेशनाच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. त्या मुक्कामात विनोबांनी इथल्या विद्यार्थ्यांचे एक मंडळ जमवले आणि मुलांसाठी वाचनालय काढले. वाचनालयाला पैसा कुठून आणायचा? दहा-पंधरा मुले घेऊन ते जात्यावर बसले. लोकांचे धान्य दळून द्यायचे, दोन शेरांना एक पैसा घ्यायचा आणि तो पैसा पुस्तकांना लावायचा. हायस्कुलात शिकणारी, खात्यापित्या घरची मुले दळायला बसलेली पाहून गावाने त्यांना वेड्यात काढले. तरी ते दळण दोन-एक महिने चालले आणि वाचनालयात चारशेच्या आसपास पुस्तके जमली. विनोबांनी हे पुढे पत्रातून गांधीजींना कळवले होते.

मी व्यापारी आहे, म्हणून याचा हिशेब मांडून पाहिला. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे. म्हणजे एक रुपया जमायला १२८ शेर धान्य दळायला हवे, तीन मणांहून जास्त. ज्यांनी कधी जाते ओढले असेल त्या भगिनींना ठाऊक आहे की पहिल्या शेरालाच खांदा भरून येतो आणि खुंट्याने तळहाताला फोड येतो. मंडपाच्या दारात आम्ही एक जाते मांडले आहे. ते विनोबांचे नव्हे, आमच्या शेजारच्या घरातले आहे. शेजारी सुपात ज्वारी ठेवली आहे. आत येताना ज्यांनी दोन फेरे ओढले नसतील त्यांनी जेवायला जाताना जरूर ओढावेत.

या अधिवेशनाचा विषय ‘कोणत्या वाचकाला कोणते पुस्तक सुचवावे’ असा आहे. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगितली. त्यांतली दोन याच विषयाची आहेत: प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. त्यावर दोन दिवस आपण जाणकार बोलणार आहात. मी फक्त या गावच्या मातीतले एक सांगतो. पाठशाळेत शिकलेले एक वृद्ध गुरुजी आमच्या आळीत राहत. ते सांगत, शास्त्रग्रंथ हाती घेतला की चार गोष्टी आधी पाहायच्या: अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. याला अनुबंधचतुष्टय म्हणतात. यात अधिकारी पहिला. म्हणजे ग्रंथात काय आहे याच्याही आधी तो कोणासाठी आहे, हा प्रश्न. आपण कपाटे विषयवार लावतो. कादंबरी इकडे, चरित्र तिकडे, कविता वरच्या फळीवर. आपण दुसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करतो आणि पहिली राहून जाते.

ती राहून गेली की काय होते, ते मी भोगले आहे. अकरा वर्षांचा असताना मला बक्षीस म्हणून निबंधमालेचा जाड ग्रंथ मिळाला. ग्रंथ थोर आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या मराठीपुढे आज मी नमस्कार करतो. पण तेव्हा दोन पाने वाचून मी तो मिटला आणि पुस्तक ही चीज आपल्यासाठी नाही असे ठरवून टाकले. तीन वर्षे अभ्यासाखेरीज एका पुस्तकाला हात लावला नाही. मग ग्रंथालयाच्या देवघेव टेबलावर बसणाऱ्या काकांनी एके दिवशी मला हाक मारून विचारले, “दुपारी काय करतोस?” पुस्तकाचा विषयच नाही. मी म्हणालो, भुताच्या गोष्टी ऐकतो. त्यांनी बाबुराव अर्नाळकरांचे एक पुस्तक माझ्या पिशवीत टाकले. पुढच्या दोन महिन्यांत मी त्यांची पंचवीस पुस्तके वाचली. सव्विसावे मागायला गेलो तेव्हा काकांनी ‘बनगरवाडी’ दिली आणि म्हणाले, “ही सावकाश वाच.” काका गेले. त्यांच्या हातचा जांभळ्या शाईचा तारखेचा शिक्का असलेली ती प्रत मी ग्रंथालयाला नवी प्रत देऊन घरी मागून घेतली आहे.

हळद विकत घेताना आम्ही हळकुंड मोडून पाहतो. मोडताना आवाज कसा येतो, आतला रंग कसा आहे, ते बघतो. पण विकताना पहिला प्रश्न असतो, कशासाठी हवी? लोणच्याला, औषधाला की देवाला? ग्रंथालयात हा प्रश्न विचारला जात नाही. आमच्याकडे विचारू लागलो तेव्हा काय काय झाले, त्यातले थोडे सांगतो.

हळद वाळवायला येणाऱ्या एक मावशी साक्षरतेच्या वर्गात अक्षरे शिकल्या होत्या, पण पुस्तक म्हटले की मागे सरत. त्यांना ‘बहिणाबाईंची गाणी’ दिली. पहिल्या आठवड्यात त्या चार ओळीच वाचू शकल्या. पण त्या चार ओळी त्यांनी खळ्यावरच्या बायकांना गाऊन दाखवल्या, आणि पुढच्या खेपेला पुस्तक न्यायला तिघी आल्या. एका तरुण शेतकऱ्याला शेतीखात्याच्या पुस्तिका नको होत्या. त्याला श्री. अ. दाभोळकरांचे ‘विपुलाच सृष्टी’ दिले. ते परत यायला पाच महिने लागले. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. दंड मी भरला. ऐतिहासिक कादंबरीशिवाय काही न वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना ‘स्वामी’नंतर सरदेसायांची ‘रियासत’ सुचवली. ती त्यांनी परत आणली, जड जाते म्हणाले. मग गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ दिला आणि तो त्यांनी एका रात्रीत संपवला. आमचा अंदाज एकदा चुकला, दुसऱ्यांदा लागला.

एक चूक मात्र मनातून जात नाही. आमच्या एका जुन्या वाचकाची पत्नी वारली. पंधरा दिवसांनी ते आले तेव्हा मन रमावे म्हणून मी स्वतः त्यांना विनोदी पुस्तक काढून दिले. त्यांनी ते न उघडता परत केले. मी ओशाळलो. त्यांनीच हळू आवाजात विचारले, “रुचिरा आहे का?” कमलाबाई ओगल्यांची. त्यांना स्वयंपाक शिकायचा होता. आमटी कशी करतात हे त्यांना सत्तराव्या वर्षी पुस्तकातून समजून घ्यायचे होते, आणि त्या पुस्तकात माप वाटी-चमच्याचे आहे, म्हणून ते जमले. शोकात माणसाला पाकपुस्तक लागते, हे कोणत्या यादीत लिहिलेले असते?

उद्या दुपारी आपली सहल पसरणीचा घाट चढून भिलारला जाणार आहे. ४ मे २०१७ पासून ते ‘पुस्तकांचं गाव’ आहे. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ती कल्पना आली. तिथल्या नदीचे नाव आमच्या गावाशी जुळते, याचा मला फार आनंद वाटतो. भिलारात एकेका घरात एकेक साहित्यप्रकार ठेवला आहे: कुठे कथा, कुठे इतिहास, कुठे बालसाहित्य, कुठे दिवाळी अंक. घरमालकाच्या ओसरीवर बसून वाचता येते. तिथे गेल्यावर आपल्या नेहमीच्या आवडीच्या घरात न शिरता एखाद्या परक्या घरात शिरावे, एवढी विनंती.

आता क्षमायाचना. वाई लहान गाव आहे. आपल्यातले पुष्कळजण शाळेच्या वर्गांत उतरले आहेत. बाके हलवून गाद्या टाकल्या, पण फरशी गार आहे आणि नदीकाठामुळे डास आहेत. जादा घोंगड्या कार्यालयात आहेत, संकोच न करता मागाव्यात. गरम पाण्याचे तीनच बंब आहेत. पहाटे साडेचारपासून ते पेटतील. भगिनींची निवास व्यवस्था स्नानगृहापासून लांब पडली, ही आमची मोठी चूक. त्या वाटेवर रात्रभर दिवा आणि दोन स्वयंसेविका ठेवल्या आहेत. निमंत्रणपत्रिकेत काही ग्रंथालयांची नावे चुकली, काहींची राहिली. ‘ड’ वर्गातल्या, एका खोलीत चालणाऱ्या ग्रंथालयांची नावे राहावीत, याचे मला अधिक वाईट वाटते. तिथला ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर झाडण्यापासून देवघेवीपर्यंत सारे करतो. त्या सर्वांची मी हात जोडून क्षमा मागतो.

आभार किती आणि कोणाचे मानू? माझ्या व्यापारी बांधवांनी धान्य, गूळ आणि तेल दिले. मंडपवाल्याने भाड्यातला निम्मा भाग सोडला. गणपती आळी, मधली आळी आणि गंगापुरीतल्या चाळीस घरांनी वृद्ध प्रतिनिधींना आपल्या माजघरात जागा दिली. बचत गटांच्या भगिनी काल दुपारपासून भाकऱ्या थापत आहेत. भरली वांगी कृष्णाकाठची आहेत आणि वाढणाऱ्या हातांनीच ती शेतातून खुडली आहेत. एका आजींनी आपल्या पेन्शनमधून पाच हजार रुपये पाठवले. नाव घेऊ नका अशी त्यांची अट आहे, म्हणून घेत नाही. त्या समोर बसल्या आहेत. शाळेच्या मुलांनी कपाटे वाहिली. पाण्याचा टँकर देणाऱ्यांनी दिवसाला तीन खेपा कबूल केल्या आणि चौथी आपण होऊन केली. विश्वकोशाच्या जुन्या कर्मचाऱ्यांपैकी काहीजण नोंदणीला बसले. आपली नावे रजिस्टरात अकारविल्हे लागलेली दिसतील, ती त्यांच्या हातची.

हार-गुच्छ आम्ही आणले नाहीत. त्या पैशांतून पुस्तके घेतली. नोंदणीच्या वेळी आपल्याला विचारले असेल, शेवटचे काय वाचले आणि सध्या मनात काय चालले आहे. त्यावरून आमच्या ग्रंथपाल भगिनींनी रात्री जागून प्रत्येकासाठी एक पुस्तक काढले आहे. जेवणाच्या मंडपात आपल्या नावाच्या चिठ्ठीसह ते मिळेल. ज्यांच्या बाबतीत आमचा अंदाज चुकला असेल त्यांनी ते उद्या सकाळी बदलून घ्यावे. टेबल साडेआठला उघडेल, मी तिथेच असेन.