टीबीच्या गोळ्या सहा महिने का? आणि बेडाक्विलिनची गोष्ट

आजचा विषय आहे टीबी. आपल्या सोलापुरात अजूनही लोक हा शब्द हळू आवाजात बोलतात. मी काही डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण एक प्रश्न डोक्यातून जात नव्हता. घसा धरला तर पाच दिवस गोळ्या, मग टीबीला सहा महिने कशाला?

पहिलं कारण जंतूचा वेग. पोटातला ई. कोलाय हा जंतू खायला-प्यायला नीट मिळालं तर साधारण 20 मिनिटांत एकाचे दोन होतो. टीबीच्या जंतूला त्यासाठी 20 तासांच्या आसपास लागतात. म्हणूनच लॅबमध्ये बेडक्यातला जंतू वाढवून बघायचा म्हटलं की आठवडे जातात. त्यात बरीचशी अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूवर जोरात चालतात, आणि टीबीचे काही जंतू जवळपास झोपून असतात. गोळ्या सुरू केल्या की काही आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते, वजन वाढतं. माणसाला वाटतं, झालं बरं! पण झोपलेले जंतू अजून आतच असतात.

दुसरा प्रश्न: एकाच वेळी चार-चार औषधं का? हे सरळ गणित आहे. फुप्फुसात पोकळी पडली असेल तर तिच्यात 10 कोटींच्या घरात जंतू असू शकतात. ढोबळ हिशेब असा, की आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू 10 लाखांत एक निघतो आणि रिफाम्पिसिनला दाद न देणारा 10 कोटींत एक. एकच औषध दिलं तर हा एखादा वाचतो आणि पुढची सगळी फौज त्याचीच होते. दोन्ही एकदम दिली तर दोन्हींतून सुटणारा जंतू 100 लाख कोटींत एक! म्हणजे जवळपास अशक्य.

हा हिशेब बिघडला की काय होतं, ते मुंबईत दिसलं. हिंदुजा हॉस्पिटलचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या टीमने 2011 च्या शेवटी चार पेशंटची माहिती प्रसिद्ध केली. तपासलेलं एकही औषध त्यांच्या जंतूवर चालत नव्हतं. त्यातल्या तिघांना आधी वेगवेगळ्या खासगी डॉक्टरांकडून एकेक औषध वाढवत, बऱ्याचदा चुकीच्या डोसमध्ये दिलं गेलं होतं.

आता लॅबकडे येऊ. बेल्जियममध्ये कोएन आंद्रिस आणि त्यांचे सहकारी नवीन औषध शोधत होते. टीबीचा जंतू हळू वाढतो, म्हणून त्यांनी आधी त्याच्याच कुळातल्या, पण भराभर वाढणाऱ्या दुसऱ्या जंतूवर रसायनं तपासली. एक रसायन लागू पडलं. पण ते नेमकं कुठे मारतं? त्यांनी त्या औषधातूनही वाचलेले जंतू घेतले आणि त्यांचा अख्खा जीनोम वाचून मूळ जंतूशी ताडून बघितला. आपण कोडच्या दोन व्हर्जनमधला फरक काढतो ना, तसंच. सगळ्यांत बदललेला जीन एकच निघाला. जंतूची ऊर्जा, म्हणजे एटीपी, तयार करणाऱ्या फिरत्या यंत्राचा. औषध हे यंत्रच अडवतं. झोपलेल्या जंतूलाही थोडी ऊर्जा लागतेच, त्यामुळे तोही सापडतो. 2005 मध्ये हे संशोधन छापून आलं, 2012 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. तेच बेडाक्विलिन.

पण औषध सापडलं म्हणजे पेशंटच्या हातात पडलं असं होत नाही. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांना दोनदा टीबी झाला, आणि उपचारातल्या इंजेक्शनमुळे त्यांचं ऐकू येणं गेलं. आपण कानात इअरफोन घालून हे ऐकतोय, म्हणून जरा थांबून विचार करा. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचंही तसंच झालं होतं. दोघींनी मिळून 2019 मध्ये बेडाक्विलिनचं पेटंट लांबवायला भारतात आक्षेप घेतला. 23 मार्च 2023 ला, म्हणजे जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, पेटंट ऑफिसने जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज फेटाळला. त्यामुळे भारतीय कंपन्यांना हे औषध बनवायची वाट मोकळी झाली.

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांचा कोर्स मंजूर केला. जिथे औषधांना दाद न देणाऱ्या टीबीला 20 महिन्यांपर्यंत उपचार चालायचे, तिथे आता सहा महिने. तेही इंजेक्शनशिवाय!

मात्र बेडाक्विलिनलाही दाद न देणारे जंतू दिसायला लागलेत. एक औषध यायला इतकी वर्षं गेली, पुढचं कधी येईल याची खात्री नाही. म्हणून आहे ते जपून वापरायला हवं.

तर मंडळी, लक्षात ठेवायच्या गोष्टी दोनच. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या. सीबीनॅट मशीन साधारण दोन तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का, दोन्ही सांगतं. तपासणी आणि औषधं तिथे फुकट आहेत. आणि घरात कुणाचा कोर्स चालू असेल तर 'आता बरं वाटतंय ना, मग कशाला गोळ्या?' असं म्हणू नका. गोळ्यांनी त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका.

हा एपिसोड घरच्या ग्रुपवर नक्की टाका. भेटू पुढच्या भागात!