सोळा पायऱ्यांपासून शाँ द मार्सपर्यंत
(शताब्दी समारंभातील भाषण)



या समारंभात आपण पूर्वजांच्या कष्टांविषयी पुष्कळ ऐकले, आणि ते ऐकायलाच हवे. आज मात्र आम्ही तुम्हाला पोर्ट लुईच्या जुन्या भागात पायी फिरायला नेणार आहोत. वाटेत थोडी खरेदी करू, थोडे खाऊ. म्हणाल, यात नवीन ते काय? पोर्ट लुई तर आपण नेहमीच पाहतो. खरे आहे. पण आपण तिथे जातो ते बँकेत, कचेरीत, नाहीतर कोर्टात. काम उरकले की घराकडे. खरेदीला आता मॉल आहेत. आपल्या मुलांनी पोर्ट लुई मोटारीच्या काचेतूनच जास्त पाहिले आहे.

सुरुवात अर्थातच आप्रवासी घाटापासून. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाज कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन आले. त्यानंतरच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरांतून या बेटावर उतरली. कोकणातले आणि घाटावरचे आपले लोक मुंबईहून निघाले. 1849 मध्ये त्रू फाँफारोंच्या खाडीकाठी मजुरांचा डेपो उभा राहिला. तिथल्या सोळा दगडी पायऱ्या आजही आहेत. मूळ डेपोचा थोडाच भाग उरला आहे, पण 2006 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळाचा मान दिला.

पायऱ्या चढून आलेला मजूर डेपोत दोनएक दिवस राही. नाव, बापाचे नाव, वय, गाव, उंची, अंगावरची खूण अशी नोंद होई आणि त्याला एक क्रमांक मिळे. मग मळ्याची वाट. सुरुवातीच्या करारांत पगार होता महिन्याला पाच रुपये, वर शिधा. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. ‘डबल कट’ हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी होता तो यामुळेच.

आता घाटावरून बाहेर पडून रस्ता ओलांडू. समोर इमिग्रेशन स्क्वेअर. हजारो लोक इथून रोज बस धरतात, पण हे नाव कशावरून पडले याचा विचार किती जण करतात? इथे क्षणभर थांबायला हवे, कारण आजच्या बोलण्याचा मुख्य मुद्दा इथेच आहे.

कराराची वर्षे संपली म्हणजे माणूस मोकळा झाला, असे आपल्याला वाटते. तसे नव्हते. 1867 च्या कायद्याने करार पुरा केलेल्या जुन्या मजुरांनाही स्वतःचा फोटो लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास सदैव जवळ बाळगावा लागे. पासावर जिल्हा लिहिलेला असे. तो जवळ नसला, किंवा माणूस दुसऱ्या जिल्ह्यात सापडला, तर ‘भटक्या’ म्हणून अटक होई. म्हणजे आज आपण जे करतो आहोत, कामाशिवाय रस्त्याने हिंडणे, दुकानासमोर उभे राहणे, तेच तेव्हा गुन्हा ठरू शकत होते. 1871 मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ यांच्या साहाय्याने नऊ हजारांहून अधिक जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यातूनच पुढे शाही आयोग आला आणि 1875 मध्ये त्याचा अहवाल निघाला. अंगठे उठवणाऱ्या त्या माणसांच्या मागणीत एक साधी गोष्ट होती: आम्हाला मोकळेपणाने चालू द्या.

म्हणून आम्ही म्हणतो, या रस्त्यांवरून रमतगमत चालणे हेही पूर्वजांचे स्मरणच आहे.

चला, बाजारात शिरू. मंडईत पाऊल टाकले की आधी कोथिंबिरीचा वास येतो. इथे तिला ‘कोतमिली’ म्हणतात, कढीपत्त्याला ‘कारीपुले’, दोडक्याला ‘पिपांगाय’. हे शब्द तमिळ बांधवांनी आणले. भेंडी झाली ‘लालो’, कारले झाले ‘मारगोझ’. चटणीची ‘सातिनी’ झाली आणि लोणच्याचे ‘आशार’. आपल्या आजीने घरात पाटा-वरवंटा म्हटले, शेजारणीने ‘रोस कारी’ म्हटले, मसाला मात्र एकाच दगडावर वाटला गेला. आमची एक विनंती आहे. मुलांना बाजारात न्याल तेव्हा प्रत्येक भाजीचे क्रेओल नाव विक्रेत्याकडून ऐकवा आणि मराठी नाव तुम्ही सांगा. शाळेतल्या तासाला हा चांगला जोड आहे. पिशवी भरेपर्यंत वीस शब्द सहज होतात.

खरेदीही डोळसपणे करावी. हस्तकलेच्या दुकानांतला बराच माल मादागास्कर आणि भारतातून येतो. तो सुंदर असतो, जरूर घ्या. पण इथल्या मातीतले हवे असेल तर बेटावरचा व्हॅनिलाचा चहा, ऊसमळ्यांची साखर, ताजे आशार घ्या. भाव करायला लाजू नका. दोन शब्द बोलल्याशिवाय बाजार होत नाही.

आता भूक लागली असेल. ढोलपुरी घ्या, आणि ती जोडीनेच घ्यायची. पिवळ्या डाळीचे सारण भरलेली मऊ पातळ पोळी, आत ग्रो प्वाची उसळ, टोमॅटोची रुगाय आणि हिरवी सातिनी. ही रीत आपल्या भोजपुरी बांधवांची. आपल्या पुरणपोळीची ती तिखटमिठाची बहीण शोभते. सोबत डाळीचे गरम ‘गातो पिमा’ आणि वर सब्जा घातलेला गार आलूदा. उभ्याने खायचे, कागदात खायचे, हात पुसून पुढे निघायचे.

रॉयल रस्त्यावर जुम्मा मशीद लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला व्यापारी मुसलमान बांधवांनी ती उभारली. तिच्या पुढेमागे चायनाटाउन. इथे बुलेत खा, मीन फ्री खा. गावोगावच्या चिनी दुकानदाराला मात्र विसरू नका. तांदूळ, तेल, खारवलेली मासळी तो वहीवर लिहून उधार देई आणि ऊसतोडीचे पैसे आले की हिशेब होई. आपल्या किती घरांच्या चुली त्या वहीवर पेटल्या! आणि या सर्वांच्या आधी इथले रस्ते, भिंती, बंदर ज्यांनी घडवले ते आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेले गुलाम. 1 फेब्रुवारी 1835 रोजी इथली गुलामी संपली. आपली वाट त्यांच्या वाटेवरूनच जाते.

शेवटी डोंगराच्या दिशेने चालत शाँ द मार्सला येऊ. 1812 पासून इथे घोड्यांच्या शर्यती होतात. ऊसमळ्यांच्या मालकांची ही करमणुकीची जागा. 12 मार्च 1968 रोजी भर दुपारी याच मैदानावर ब्रिटिश ध्वज उतरला आणि मॉरिशसचा चौरंगी ध्वज वर गेला. घाटापासून इथवर न थांबता चालले तर अर्धा तासही लागत नाही. आपल्या लोकांना हे अंतर तोडायला 134 वर्षे लागली.

तेव्हा मित्रहो, एखाद्या शनिवारी सकाळी हे करा. त्याआधी मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात आपल्या पूर्वजाची नोंद शोधा. तिथे ती जुनी नोंदवही-पत्रे आणि फोटो जपून ठेवले आहेत. मिळालेले नाव आणि क्रमांक कागदावर लिहून मुलाच्या खिशात द्या. सोळा पायऱ्यांपाशी ते नाव त्याला मोठ्याने वाचू द्या. मग त्याचा हात धरून बाजारात जा. जो कागद एके काळी आपल्या माणसाला अडवण्यासाठी होता, तो खिशात घेऊन त्याचे पणतवंड या शहरात हवे तिथे हिंडेल.