सराफ्यातील सोने आणि आकाशातील स्फोट

इंदूरच्या राजवाड्यामागील सराफा हा दोन प्रकृतींचा बाजार आहे. दिवसा तेथे सोन्याचांदीचे सौदे होतात. रात्री पेढ्यांची दारे बंद झाली की त्यांच्याच पुढ्यात गराडू, भुट्ट्याचा कीस आणि जिलेबी यांची दुकाने मांडली जातात. होळकरांच्या या नगरीत आलेला पाहुणा रात्रीचा सराफा पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. परंतु दिवसाच्या सराफ्यात जी वस्तू तागडीत पडते, तिच्याविषयी एक प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. सराफ सोन्याचा भाव सांगतो, कस सांगतो, घडणावळही सांगतो. हे सोने मुळात निर्माण कोठे झाले, हे मात्र त्याच्या कसोटीच्या दगडाला सांगता येत नाही. त्या प्रश्नाच्या उत्तराचा माग काढणाऱ्यांत याच इंदुरात जन्मलेल्या डॉ. मानसी कासलीवाल यांचे नाव आज अग्रभागी घेतले जाते.

सोने भट्टीत शुद्ध होते, पण भट्टीत तयार होत नाही. किमयागारांनी शतकानुशतके खटपट केली आणि ती व्यर्थ गेली. याचे कारण असे की, एका मूलद्रव्याचे दुसरे मूलद्रव्य करावयाचे तर अणूच्या गर्भालाच हात घालावा लागतो, आणि तेवढी धग पृथ्वीवरील कोणत्याही मुशीत नसते. ती धग ताऱ्यांच्या पोटात असते. सूर्य हायड्रोजनचे हेलियम करतो. सूर्याहून कितीतरी जड तारे कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन असे करीत लोहापर्यंत पोहोचतात. लोहापाशी मात्र ही चूल विझते, कारण त्यापुढील मीलनातून ऊर्जा मिळत नाही, उलट द्यावी लागते. १९५७ साली बर्बिज पतिपत्नी, विल्यम फौलर आणि फ्रेड हॉइल या चौघांनी एका विस्तृत निबंधात मूलद्रव्यांच्या जन्माचा हा सारा हिशेब मांडला. यांतील हॉइल हे पुढे कोल्हापूरच्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू झाले. सोने आणि प्लॅटिनम यांसारख्या जड धातूंसाठी न्यूट्रॉन कणांचा अतिशय वेगवान वर्षाव हवा, हे या निबंधाने स्पष्ट केले. हा वर्षाव होतो कोठे, हा प्रश्न शिल्लक राहिला. पुष्कळ वर्षे बोट दाखविले जात होते ते अतिनवताऱ्याकडे.

अतिनवतारा म्हणजे नवा तारा नव्हे. तो एका ताऱ्याचा अंत होय. इंधन संपलेला जड तारा आपल्याच भाराखाली कोसळतो आणि त्याची बाह्य आवरणे अवकाशात भिरकावली जातात. काही दिवस तो एकटा तारा कोट्यवधी ताऱ्यांच्या संपूर्ण दीर्घिकेशी तेजात स्पर्धा करतो. वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ साली या घटनेचे विवेचन करताना आणखी एक धाडसी विधान केले: अशा स्फोटानंतर मागे उरतो तो निव्वळ न्यूट्रॉनांचा एक अतिघन गोळा. तेव्हा ते अनेकांना कल्पनाविलासासारखे वाटले; १९६७ साली स्पंदक तारे सापडले, तेव्हा ते खरे ठरले. झ्विकी यांनी १९३६ पासून कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावर अठरा इंची दुर्बीण लावून अतिनवताऱ्यांचा शोध आरंभिला आणि आयुष्यभरात शंभराहून अधिक शोधून काढले.

त्याच पालोमार पर्वतावर झ्विकी यांचा वारसा पुढे चालविण्याचे काम एका मराठी मुलखातील माणसाकडे आले. डॉ. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६ सालचा, कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा. वडील शल्यचिकित्सक, बालपण हुबळीस गेले. १९७८ साली दिल्लीच्या आय.आय.टी.तून पदवी घेऊन ते बर्कले येथे गेले आणि विद्यार्थिदशेतच, १९८२ साली, सेकंदाला सुमारे ६४२ वेळा स्वतःभोवती फिरणारा स्पंदक तारा शोधणाऱ्या पथकात त्यांचा प्रमुख वाटा होता. १९८७ पासून ते पॅसाडेना येथील कॅलटेक या विद्यापीठात अध्यापन करू लागले. एखादा विषय हाती लागला की त्यावरच जन्म काढावा, ही विद्यापीठीय रीत त्यांनी पाळली नाही. रेडिओ दुर्बिणीवरून ते दृश्य प्रकाशाकडे आले, तेथून गॅमा किरणांच्या स्फोटांकडे वळले. १९९८ च्या एप्रिलमध्ये एका गॅमा स्फोटाच्या जागी एक विलक्षण अतिनवतारा दिसला. त्यातील द्रव्य जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर फेकले गेले होते, हे त्याच्या रेडिओ लहरींवरून दाखवून देणाऱ्या संशोधकांत कुलकर्णी अग्रणी होते. २०२४ साली खगोलशास्त्राचे शॉ पारितोषिक त्यांना मिळाले.

मानसी कासलीवाल पंधराव्या वर्षी शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या. २००५ साली कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन त्या कॅलटेकमध्ये कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागल्या. २०११ साली पूर्ण झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषय मोठा जोखमीचा होता. नवतारा हा तुलनेने क्षीण, अतिनवतारा त्याहून हजारो पटींनी तेजस्वी. या दोहोंच्या मधल्या प्रदेशात जवळजवळ काहीच आढळले नव्हते. ती जागा खरोखर रिकामी आहे, की तेथील स्फोट इतके मंद आणि इतके अल्पायुषी असतात की ते कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत? दुसरी शक्यता खोटी ठरली असती, तर कित्येक वर्षांच्या रात्री हिशेबात शून्य ठेवून गेल्या असत्या. परंतु जागा रिकामी नव्हती. तेथे कॅल्शियमने समृद्ध असे स्फोट सापडले, आणि तेही दीर्घिकांच्या अगदी सीमेवर, जेथे तारे विरळ असतात. त्याच वर्षी, नेहमीच्या अतिनवताऱ्यांहून दसपट तेजस्वी असा एक नवा वर्ग ज्या निबंधाने पुढे आणला, त्याच्या लेखकांत गुरू आणि शिष्या दोघांचीही नावे होती.

हे शोध ज्या साधनाने लागले, त्याची कार्यपद्धती सराफ्याच्या भाषेत सहज सांगता येईल. सोनाराच्या दुकानातील राख आणि पेढीपुढची धूळ विकत घेऊन, ती धुऊन, तीतून सोन्याचे कण वेचणारे लोक असतात. मराठी मुलखात त्यांना झारेकरी म्हणतात, हिंदी मुलखात न्यारिया. पालोमारची अठ्ठेचाळीस इंची दुर्बीण २००९ पासून आकाशाची झारेकरीच करीत आली. आज रात्रीचे चित्र कालच्या चित्रातून वजा करावयाचे. उरेल ते बदललेले. २०१८ पासून याच दुर्बिणीवर झ्विकी यांच्या नावाची नवी योजना चालू झाली. तिच्या एका छायाचित्रात दोनशेहून अधिक पूर्णचंद्र मावतील एवढे आकाश येते, आणि एका रात्रीत बदलाच्या लक्षावधी खुणा हाती लागतात. त्यांत बहुतेक धूळच असते: रूपविकारी तारे, लघुग्रह, यंत्राचे दोष. ती धुऊन काढण्याचे काम गणकयंत्र करते. तरी शेवटचा कण पारखण्यास माणूस लागतो. हा कण ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट घेऊन पारखतात. कसोटीवरील रेघेसारखाच तो द्रव्याची जात सांगतो. २०२४ पर्यंत या योजनेने अशी पारख केलेल्या अतिनवताऱ्यांची संख्या दहा हजारांवर गेली. २४ ऑगस्ट २०११ रोजी तर सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेतील एक अतिनवतारा स्फोटानंतर अवघ्या काही तासांतच दृष्टीस पडला, आणि ज्याच्या वस्तुमानाची मर्यादा सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी तरुण वयात गणिताने काढली होती, तसला श्वेत बटू तारा तेथे फुटला हे निश्चित करता आले.

परंतु सोन्याचा प्रश्न तसाच होता. अतिनवताऱ्यांच्या सर्वसाधारण स्फोटात पुरेसे न्यूट्रॉन मिळत नाहीत, असे गणिते सांगू लागली होती. दुसरी शक्यता १९७४ पासून विचारात होती: न्यूट्रॉन तारा छिन्नविच्छिन्न होताना त्याचे द्रव्य बाहेर फेकले जाईल, तर जड धातू तेथे बनतील. परस्परांभोवती फिरणारे दोन न्यूट्रॉन तारे अखेर एकमेकांवर आदळतात. मात्र अशी टक्कर क्वचित होते, तिचा प्रकाश काही दिवसांत मावळतो, आणि जड धातूंचे ढग निळा प्रकाश अडवीत असल्यामुळे तो लवकरच तांबडा व अवरक्त होतो. म्हणून कासलीवाल यांनी दोन गोष्टींची तयारी केली. एक, अवरक्त प्रकाश पाहणारी साधने. दुसरी, पृथ्वीवर ठिकठिकाणी पसरलेल्या वेधशाळांची साखळी, जिचे नाव ‘ग्रोथ’. एका ठिकाणी पहाट झाली की पश्चिमेकडील दुसरी दुर्बीण त्याच बिंदूवर लावावयाची. या साखळीत पुढे लडाखमधील हान्ले येथे बंगळूरची भारतीय ताराभौतिकी संस्था व मुंबईची आय.आय.टी. यांनी चालविलेली सत्तर सेंटिमीटरची दुर्बीणही आली.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे सायंकाळी सहा वाजून अकरा मिनिटांनी, अमेरिकेतील लायगो यंत्रांत गुरुत्वीय लहरींचा एक दीर्घ स्वर उमटला; १·७ सेकंदांनी गॅमा किरणांचा स्फोट नोंदला गेला. इटलीतील व्हर्गो यंत्राच्या साहाय्याने आकाशातील जागा ठरविली, तरी ती शंभराहून अधिक पूर्णचंद्रांएवढी होती. आणि तो भाग सूर्यास्तानंतर थोडाच वेळ क्षितिजावर राहणारा. सुमारे अकरा तासांनी चिलीमधील कार्नेगी संस्थेच्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या पथकाला तो ठिपका प्रथम सापडला. तेरा कोटी प्रकाशवर्षे दूर, एका वृद्ध दीर्घिकेत. शोधाचा पहिला मान दुसऱ्यांचा झाला. पण ठिपका सापडणे ही सुरुवात होती. तो निळा असता तांबडा कसा झाला, अवरक्तात किती दिवस टिकला, क्ष-किरण व रेडिओ लहरी उशिरा का आल्या, या सर्व वेधांचा एकत्र मेळ घालणारा निबंध त्याच वर्षी कासलीवाल यांच्या नेतृत्वाखाली प्रसिद्ध झाला. रेडिओ वेधांत नारायणगावजवळील खोडदची महाकाय दुर्बीणही सहभागी होती. बाहेर पडलेले जड द्रव्य सूर्याच्या सुमारे पाच शतांश भरले. त्यात एकटे सोनेच पृथ्वीच्या वजनाच्या कित्येक पट असावे, असा अंदाज आहे. या कार्यासाठी कासलीवाल यांना इतर तिघांसमवेत २०२२ चे ‘न्यू होरायझन्स’ पारितोषिक मिळाले. २०१५ पासून त्या कॅलटेकमध्येच अध्यापन करीत आहेत. जेथे शिकल्या, तेथेच शिकवितात.

येथे एक सावधगिरी पाळावयास हवी. त्या प्रकाशात सोन्याची स्वतःची रेघ कोणी वाचलेली नाही. २०१९ साली स्ट्राँशियम या धातूची खूण ओळखता आली. सगळे सोने अशाच टकरींतून आले, असेही म्हणता येत नाही. काही दुर्मीळ अतिनवतारे हा धातू देत असावेत. प्रखर चुंबकत्वाच्या न्यूट्रॉन ताऱ्यावर २००४ साली झालेल्या उद्रेकातही जड मूलद्रव्ये बनल्याचे २०२५ मधील एका अभ्यासाने दाखविले आहे. प्रत्येकाचा वाटा किती, हे ठरविण्यास एक टक्कर पुरणारी नाही. अनेक हव्यात, आणि त्या वेळीच सापडावयास हव्यात.

त्यासाठी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस आणखी एक कान हवा. तो मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. दूरच्या यंत्रांत लहर किती आधी, किती मागाहून पोहोचते, यावरून दिशा कळते. यंत्रे जितकी दूर, तितकी दिशा अचूक. या योजनेतील भागीदारांत इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रही आहे. तेव्हा या विद्येसाठी इंदूरच्या मुलामुलींना दरवेळी सातासमुद्रापार जावे लागेल असे नाही. तेरा कोटी वर्षे प्रवास करून आलेली लहर क्षणभर येते आणि जाते. तिची वाट पाहण्यास तयार असलेले मन आणि शिकविण्यास तयार असलेला गुरू, एवढी दोन माणसे मात्र प्रत्येक पिढीत लागतात.