डहाणू-तलासरीची हवा आणि ऑर्किडचा सल्ला

ऑर्किड, म्हणजेच मराठी वनस्पतिग्रंथांत ‘आमरी’ या नावाने येणारे कूळ, हे सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत मोठ्या कुळांपैकी एक असून त्यात सुमारे २८,००० जाती गणल्या जातात. उष्ण प्रदेशातील त्यांच्या बहुसंख्य जाती मातीत न रुजता झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढतात. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात, आणि त्या बांडगुळाहून मुळातच भिन्न आहेत, कारण बांडगूळ आपली शोषक मुळे आश्रयदात्या झाडात घुसवून त्याचा रस घेते, तर अपिवनस्पतीला झाडाकडून केवळ बसायला जागा हवी असते. चिकूच्या किंवा आंब्याच्या फांदीवर उगवलेली आमरी बांडगूळ समजून खरवडून टाकण्यास त्यामुळे काहीच आधार नाही.

हौसेने ऑर्किड वाढवणाऱ्यांत सल्ल्याची देवाणघेवाण फार चालते आणि तिचा आरंभ बहुधा एकाच प्रश्नाने होतो : पाणी किती दिवसांनी घालावे? या प्रश्नाला दिवसांत उत्तर देता येत नाही, याचे कारण या वनस्पतीच्या मुळात आहे. अपिवनस्पती असलेल्या ऑर्किडच्या मुळाभोवती मृत पेशींचे जाड, सच्छिद्र आवरण असते, त्याला वेलामेन म्हणतात. हे आवरण पावसाचे किंवा दवाचे पाणी टिपकागदासारखे क्षणात शोषते आणि मग सावकाश आतील जिवंत भागाला पुरवते. कोरडे असताना त्यात हवा भरलेली असल्याने मूळ रुपेरी पांढरे दिसते, तर भिजल्यावर आतील हरितद्रव्य दिसू लागून ते हिरवे होते. झाडावर हे मूळ भिजते आणि वाऱ्याने पुन्हा सुकते. कुंडीत ते दिवसेंदिवस ओलेच राहिले, तर प्राणवायूच्या अभावी कुजते. तेव्हा खरा प्रश्न पाणी कधी घालावे हा नसून घातलेले पाणी किती वेळात सुकते हा आहे, आणि त्याचे उत्तर सल्ला देणाऱ्याच्या अनुभवात नसून सल्ला घेणाऱ्याच्या अंगणातील हवेत असते.

पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर असून तेथील एप्रिल-मे कोरडा असतो, त्यामुळे मुळांभोवती ओलावा धरून ठेवणारे शेवाळ भरावे, हा तेथील सल्ला तेथे योग्यच ठरतो. तोच सल्ला डहाणूच्या किनाऱ्यावर, नरपड, चिखले किंवा बोर्डीच्या दमट हवेत पाळला, तर जुलैअखेर कुंडीत मुळांऐवजी काळा लगदा उरण्याचा संभव अधिक. या भागात वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. त्या काळात पाणी देणे हे काम राहत नाही, पाणी काढून देणे हे काम होते. म्हणून लाकडी कोळशाचे मोठे तुकडे, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे थोडे चौकोनी काप, एवढेच भरण येथे पुरते. सोडण मात्र वापरण्यापूर्वी काही दिवस पाणी बदलत भिजवून त्यातील क्षार आणि तांबूस द्रव्य काढून टाकावे लागते. नारळाच्या प्रदेशात राहून दूरचे शेवाळ विकत आणण्याची हौस, खरे तर, थोडी आश्चर्याचीच आहे.

फॅलिनॉप्सिस या रुंद पानांच्या ऑर्किडच्या बाबतीत पावसाळा विशेष कठीण जातो. निसर्गात हे झाड फांदीवरून तिरके किंवा खाली लोंबते, त्यामुळे पानांच्या मध्यातील पोंग्यात पाणी साचत नाही. कुंडीत उभे लावले की पोंगा वाटीप्रमाणे भरतो आणि रात्रभरात कूज लागते. बुरशीनाशकांची नावे एकमेकांना सांगण्यात जेवढा उत्साह दिसतो, त्याच्या निम्म्याने जरी झाड तिरके बांधण्याचा सल्ला दिला गेला असता, तरी बरीच फवारणी वाचली असती. गोगलगाय ही पावसाळ्यातील दुसरा शत्रू होय. ती रात्री निघते आणि मुळांची कोवळी टोके खाते, म्हणून तिच्यासाठी कंदील घेऊन फिरण्याला पर्याय नाही.

पाऊस ओसरल्यावर येणारा ऑक्टोबर हा धोका पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ढगाळ महिन्यांत वाढलेली पाने मऊ आणि पातळ असतात आणि आकाश एकाएकी मोकळे झाल्यावर दुपारच्या उन्हात ती भाजून पांढरट डाग पडतात. डेंड्रोबियमच्या संकरित जातींना निम्मे ऊन अडवणारे शेडनेट साधारणपणे मानवते, तरी पावसाळ्यात ते काढून ठेवले असल्यास सप्टेंबर संपण्यापूर्वी पुन्हा बांधणे आवश्यक असते.

एकाच पट्ट्यात हवेचे किती भेद पडतात, हे डहाणू आणि तलासरी या शेजारच्या तालुक्यांवरून दिसते. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, आणि असे क्षारयुक्त पाणी दिल्यास पानांची टोके करपतात व मुळांवर पांढरा थर बसतो. तेथे पावसाचे पाणी पिंपात साठवून ते पुरवून वापरणे हाच उपाय. आत तलासरी-उधव्याकडे किंवा कासा-गंजाडच्या बाजूला समुद्राच्या वाऱ्याचा ओलावा कमी होत जातो, मेमधील दुपार अधिक कडक होते, आणि तेथे सकाळी पाणी, सायंकाळी फवारा असा क्रम ठेवावा लागतो. बोर्डीच्या मनुष्याने उधव्याच्या मनुष्याला दिलेला सल्लादेखील, म्हणजे, जसाच्या तसा चालत नाही.

ज्या सल्ल्याला हवेने पूर्णच खोटे ठरवावे, असे उदाहरण सिंबिडियमचे आहे. कालिम्पोंग आणि सिक्कीमच्या रोपवाटिकांतून येणाऱ्या या मोठ्या फुलांच्या संकरित जातींना कळी धरण्यासाठी शरद ऋतूत काही आठवडे थंड रात्री लागतात. डहाणूत तापमान १० अंशांखाली क्वचितच जाते, आणि शरदातील रात्री तर उबदारच असतात, म्हणून येथे हे झाड हिरवेगार राहते, नवे कोंब काढते आणि बहुधा फुलत नाही. यावर खत वाढवण्याचा सल्ला हमखास मिळतो आणि तो व्यर्थ असतो, कारण उणीव अन्नाची नसून थंडीची आहे. याच प्रजातीतील सिंबिडियम अॅलॉइफोलियम ही रानटी जात मात्र दक्षिण कोकणातील उष्ण सखल भागातही फुलते. प्रजातीच्या नावावरून सल्ला देणे किती अपुरे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

फांदीवर ऑर्किड बांधायचे असल्यास डहाणू-घोलवडच्या चिकूकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. त्याची भेगाळ साल मुळांना उत्तम धरते, पण सदाहरित दाट पर्णसंभारामुळे आतील भागात ऊन फार थोडे पोहोचते, म्हणून बाहेरच्या बाजूची जाड फांदी निवडणे बरे. जुना आंबा अधिक सोयीचा. पेरूची साल सोलून पडत असल्याने तो टाळावा.

सल्ल्याबरोबर हौशी मंडळींत बेणेही फिरते, आणि त्यामागे शास्त्रीय कारण आहे. ऑर्किडच्या एका बोंडात सहस्रावधी, काही जातींत लक्षावधी बिया असतात, पण त्यांत अन्नसाठा जवळजवळ नसतो, त्यामुळे विशिष्ट बुरशीच्या साहाय्याशिवाय निसर्गात त्या रुजत नाहीत. फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बेर्नार यांनी हा संबंध १८९९ मध्ये ओळखला. अमेरिकेतील लुइस नुडसन यांनी १९२२ मध्ये साखरयुक्त निर्जंतुक माध्यमावर बुरशीशिवाय बी रुजवण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि १९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या अग्रभागातील ऊतीपासून एकसारखी रोपे मिळवण्याचा मार्ग दाखवला, ज्यावर आजच्या रोपवाटिका उभ्या आहेत. घरी यातले काही जमणारे नाही. घरी जमते ती विभागणी. डेंड्रोबियमची अन्न साठवणारी फुगीर खोडे, ज्यांना आभासी कंद म्हणतात, ती प्रत्येक भागात किमान तीन तरी राहतील अशा रीतीने झाड विभागावे, सुरीचे पाते निर्जंतुक करून घ्यावे, आणि नवी मुळे फुटू लागताच हे काम उरकावे.

रानातील झाडांचा विषय यापासून वेगळा ठेवायला हवा. महाराष्ट्राच्या जंगलांत दाट लोंबत्या तुऱ्यांची ‘सीतेची वेणी’, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेट्यूसा, पावसाच्या तोंडावर फुलते. व्हँडा टेसेलॅटा ही आमरी काही भागांत ‘रास्ना’ म्हणून औषधासाठी ओरबाडली जाते. फादर सांतापाव आणि कपाडिया यांच्या १९६६ मधील ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ या ग्रंथात पूर्वीच्या मुंबई राज्यातील जातींची शास्त्रीय नोंद आढळते, आणि तिचा उपयोग हौशी मनुष्याने झाड ओळखण्यासाठी करावा, उपटण्यासाठी नव्हे. राखीव वनातून झाड काढणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा ठरू शकतो, तर संपूर्ण कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील साइट्स कराराच्या नियंत्रणाखाली येतो. शिवाय फांदीवरून ओरबाडताना मुळांची टोके तुटतात, आणि असे झाड गच्चीवर आणल्यावर जुन्या खोडांतील साठ्यावर एखादा हंगाम जगते, फुलतेही. त्यामुळे ते रुजले असा समज होतो, आणि पुढच्या पावसाळ्यात ते नाहीसे झाल्यावर दोष भरणाला दिला जातो.